चोविसावा हिस्सा

उद्यमबागेत एकतीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले.
पंपाची केसिंगं, व्हॉल्व्ह, एकदा देवळाची घंटा.
आमची पट्टी जरा लबाड असते.
बिडाला निवताना आकसायची खोड,
म्हणून शंभराला एक जादा, इंचाइंचात लपवलेला.
त्या पट्टीनं शर्टाचं कापड मोजाल तर फसाल.

आता टेबलावर एक खोकं. आत मॉरिस मायनर,
एकास चोवीस, एकशे बारा तुकडे.
भाच्यानं पुण्याहून आणली. म्हणाला, मामा, वेळ जाईल.
वेळ कसला जातोय,
पहिल्याच दिवशी खोक्याशी भांडण लागलं.

कागदावर लिहिलंय: रंग फिकट हिरवा.
कारखान्यातून निघाली असेल तशी.
खरं निपाणीत हुद्दार डॉक्टरीणबाईंच्या दारात
जी उभी असायची, ती निळी.
बस्त्याव मेस्त्रीनं तंबाखूच्या वखारीच्या दारांचा
उरलेला रंग तिला फासला होता, ब्रशनं,
आणि ब्रशचे केस बॉनेटवर तसेच वाळून बसले होते.
मी आठ वर्षांचा. नखानं एक काढला होता.
तो केस चोवीसपट बारीक कुठून आणू?
मांजराच्या कानामागचा आणला.
मांजर अजून माझ्याशी बोलत नाही.

डाव्या मागच्या मडगार्डाला पोचा,
बाजाराच्या दिवशी बैलगाडीची दांडी लागलेली.
मुठीएवढा होता, एवढं आठवतं.
मूठ भागिले चोवीस.
खरं कोणाची मूठ?
आताची धरली तर जोंधळ्याचा दाणा,
तेव्हाची धरली तर बाजरीचा.
दोन्ही दाणे बशीत घेऊन संध्याकाळभर बसलो.
माझी मूठ त्यात अडकून बसायची,
बाई आतून ओरडायच्या, काढ हात!
म्हणजे बाजरी.
प्लास्टिक दिव्यावर धरलं, दाणा दाबला.
चांगली वस्तू मुद्दाम बिघडवताना
हात थरथरला तसा नोकरीत कधी नाही.

नंबरप्लेटीला तीन दिवस.
आधी तिच्यावर मुंबईची अक्षरं होती.
छप्पन सालानंतर शिवलिंगाप्पा पेंटर येऊन
काळा हात देऊन वर म्हैसूरची लिहून गेला.
बाई पायरीवर उभ्या. काही बोलल्या नाहीत.
त्याला चहा दिला, दोनदा.
पुढं कितीतरी वर्षं, ऊन तिरकं झालं की
खालची अक्षरं फुगून दिसायची,
चादरीखाली राहिलेल्या कंगव्यासारखी.
मीही तसंच केलं. एका केसाच्या ब्रशनं मुंबई,
रात्रभर वाळवली, वर काळा, वर म्हैसूर.
भाचा फोनवर: खालचं कोणाला दिसणार?
म्हटलं, दिसू नये म्हणूनच काळा दिलाय.

बाईंची मुलगी, मालूअक्का, ऐंशीची, टिळकवाडीत असते.
रिक्षात मांडीवर धरून नेली,
खड्डा आला की रिक्षावाल्याला कानडीतनं शिव्या.
अक्कानं चष्मा काढला, गाडी नाकाजवळ धरली.
पोचा अंगठ्याच्या नखानं चाचपला.
निळ्यावर हसली.
मग म्हणाली, "समदं बरोबर हाय बघ.
खरं वायपर दोन कशाला?
डाव्या अंगाचा संकेश्वरात चोरीला गेलता.
आई शेवटपर्यंत एकावरच चालवली.
मी डावीकडं बसायचो.
पावसात मला निपाणी कधी दिसलीच नाही बघ."

खिशात चिमटा होताच.
एक वायपर उपटला. सेंटिमीटरभर, काळा, जरा वाकडा.
अक्का म्हणाली, टाक की.
टाकवेना.
घरी येऊन काड्यापेटीत ठेवला
आणि पेटीवर लिहिलं: संकेश्वर.